लेकीचा निबंध कुणी लिहायचा?

पुन्हा तो सीझन आला. ऑक्टोबर लागला की आपल्या मध्य न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी आणि प्रायव्हेट हायस्कूलचे एसे हे दोन्ही विषय एकदमच सुरू होतात. काल एका दिवसात तिघांनी विचारलं, "एसे नीट करून देणारं कुणी चांगलं माहीत आहे का? पैशाचं बघू." त्यातल्या एका ताईंनी मला वेगळा मेसेज केला, "तुझ्या लेकीचं मागच्या वर्षी होतं ना? तू कुणाकडे गेली होतीस?"

हो, गेले होते. कुणाकडे ते लिहीत नाही, पण काय झालं ते लिहिते. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. गावातल्या पब्लिक शाळेला फी नाही, ती आपण भरतो त्या घराच्या टॅक्समधून चालते. आपल्या भागातल्या पब्लिक शाळा चांगल्याच आहेत, बरेच जण त्या बघूनच इथे घर घेतात. तरीही काही पालक मूल आठवीत असताना प्रायव्हेट शाळांना अर्ज करतात. काही डे स्कूल असतात, काही बोर्डिंग. मोठ्या नावाच्या बोर्डिंग शाळांची वर्षाची फी आता सत्तर हजार डॉलरच्या घरात गेली आहे. अर्जात मार्क लागतात, इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, एसएसएटी नावाची परीक्षा असते, मुलाखत असते आणि निबंध असतात. एखादा निबंध सगळ्या शाळांना चालतो, पण त्याशिवाय बऱ्याच शाळा आपापले दोन-तीन छोटे प्रश्न विचारतात. तेच सप्लिमेंटल एसे. दीडशे-अडीचशे शब्द. बोर्डिंग शाळांची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा निकाल १० मार्चला.

आम्ही यात का पडलो? माझी लेक वर्गात कमी बोलते. सातवीतल्या तिच्या इंग्रजीच्या बाईंनी सुचवलं की लहान वर्गाची शाळा तिला मानवेल. एका शाळेत आम्ही बघायला गेलो तेव्हा बारा मुलं आणि एक शिक्षक एका लांबट गोल टेबलाभोवती बसून एका गोष्टीवर बोलत होते. हार्कनेस टेबल म्हणतात त्याला, १९३० च्या दशकात फिलिप्स एक्सेटर शाळेत सुरू झालेली पद्धत. परत येताना गाडीत लेक म्हणाली, "इथे लपता येणार नाही, आई. पण मला चालेल." त्यानंतर आम्ही तीन शाळा ठरवल्या. दोन बोर्डिंग, एक डे.

प्रश्न वाचायला सोपे होते. तू ज्या एखाद्या समूहाचा भाग आहेस त्याबद्दल लिही. तुझं मत कधी बदललं ते सांग. आमचीच शाळा का? मी म्हटलं, यात काय, दोन शनिवारचं काम आहे.

लेकीने पहिला निबंध एका संध्याकाळी लिहिला. समूह कुठला, तर रविवारची मराठी शाळा. ती तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसते, कारण मध्ये तीन वर्षं आम्ही तिला पाठवलं नव्हतं आणि तिचं वाचन मागे राहिलं. वर्गात सगळ्यात उंच तीच. खुर्ची लहान, गुडघे टेबलाला लागतात. तिला "ळ" नीट म्हणता येत नव्हता, तेव्हा शेजारच्या पहिलीतल्या मुलाने तोंड उघडून जीभ कुठे लावायची ते दाखवलं. त्या बदल्यात ती त्याच्या बुटाची नाडी बांधून देते. एवढंच. शेवटी तिने लिहिलं होतं की शाळेत तिला उत्तर चुकेल म्हणून हात वर करायला भीती वाटते, इथे मात्र वाटत नाही, कारण इथे तिला काही येत नाही हे सगळ्यांना आधीच माहीत आहे.

मी वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मनात म्हटलं, हे पाठवायचं? तेरा वर्षांच्या मुलीला पहिलीतलं मूल शिकवतं, असं आपणच लिहून द्यायचं?

यामागे माझं स्वतःचं शिक्षण आहे. मी परळ-लालबागच्या मराठी शाळेत शिकले. आम्ही निबंध लिहायचो म्हणजे गाईडमधला पाठ करायचो. "माझी आई", "पावसाळ्यातील एक दिवस", "मी पंतप्रधान झालो तर", "फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त". आमच्या वर्गात पन्नास जणींच्या आया एकाच वेळी पहाटे उठायच्या आणि सगळ्यांच्या आया "प्रेमळ व कष्टाळू" असायच्या. माझी आई दुपारपाळीच्या हिशेबाने उशिरा उठायची, पण ते लिहायचं धाडस मला झालं नाही. लिहिलं असतं तर मार्क कापले गेले असते. निबंधात खरं लिहायचं नसतं हे आपल्या पिढीला दहावीपर्यंत पक्कं शिकवलं गेलं. पुढे मार्कांच्या जोरावर इंजिनियरिंग झालं, नोकरी झाली, इथवर आलो. "तू कोण आहेस?" असं अर्जात आम्हाला कुणी कधी विचारलंच नाही.

त्यामुळे पालकांसाठी जो वेगळा कागद असतो, मुलाची बलस्थानं आणि अडचणी लिहा असा, तो भरताना मी आणि नवरा दोघंही अडकलो. "सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडियंट" लिहून झाल्यावर पुढे काही सुचेना. अडचण म्हणून नवऱ्याने लिहिलं, "ती कधी कधी गरजेपेक्षा जास्त मेहनत करते." लेकीने ते वाचलं आणि खो खो हसली.

मग मी कन्सल्टंट गाठली. तासाला दोनशे डॉलर. बाई हुशार होत्या, वागायला चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. त्यांनी मराठी शाळेचा निबंध वाचला, "क्यूट आहे" म्हणाल्या. "पण यात पणाला काय लागलंय? वाचणारा दिवसात अशी कितीतरी पानं वाचतो. तुमच्या कुटुंबाने काही सोसलं असेल ना? तुम्ही इथे कसे आलात? तुमचे आईवडील काय करत होते?"

मी सांगून टाकलं. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, जागांवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. आम्ही गावी गेलो, परत आलो, आईने लोकांचे कपडे शिवले आणि मला शिकवलं.

बाईंचा चेहरा उजळला. "हाच तुमचा एसे," त्या म्हणाल्या. "तीन पिढ्या. यंत्रमागापासून लॅपटॉपपर्यंत." २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी केली, पण आपल्या आयुष्यावर त्याचा काय परिणाम झाला हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतात असंही म्हटलं. तेव्हापासून निबंधातल्या पार्श्वभूमीला कॉलेजात वजन आलंय आणि हायस्कूलमध्येही तेच वारं आहे, असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं त्यांना ठाऊक. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

त्या रात्री निबंध मी लिहिला. कबूल करते. लेक बाजूला बसली होती, मी "तुला असं म्हणायचंय ना?" असं विचारत टाइप करत होते. ती "हं" म्हणत होती. अकरा वाजता ती झोपायला गेली, मी दीडपर्यंत बसले. आजोबांच्या हातावरचे घट्टे आले, भोंगा आला, रिकामा डबा आला, "न झुकणारा" आजोबा आला. त्यांच्या न झुकण्यातून मी वर्गात हात वर करायला शिकले, असा शेवट. सकाळी वाचून मलाच भरून आलं. कन्सल्टंटबाईंनी दोन वाक्यं इकडची तिकडे केली आणि म्हणाल्या, आता पाठवा.

लेक म्हणाली, "पाठवण्याआधी मी आजोबांना विचारते."

"काय विचारणार?"

"खरं आहे का ते. हिस्टरीच्या सरांनी सांगितलंय, माणूस जिवंत असेल तर त्यालाच विचारायचं."

आप्पा आता बदलापूरला राहतात. सत्तरी ओलांडलीय, ऐकायला थोडं कमी येतं. शनिवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. लेकीने वही घेतली होती. तिच्या मोडक्या मराठीत तिने पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, संपात तुम्हाला भूक लागायची?"

आप्पा हसले. "लागायची की, बाळ. भुकेला काय संप ठाऊक?"

"मग तुम्ही काय केलं?"

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही, मी मोठ्याने सांगायला पुढे झाले. त्यांनी हाताने मला थांबवलं. मग म्हणाले, "मी परत कामावर गेलो."

मी म्हटलं, "आप्पा, ती संपाचं विचारतेय."

"संपाचंच सांगतोय."

ते असं. संप लागल्यावर त्यांनी आईला आणि मला सातारकडे गावी पाठवलं. ते मुंबईत थांबले, मोर्चांना गेले, मिळेल ते काम केलं. पावसाळ्यानंतर मी आजारी पडले. मी तेव्हा दोन वर्षांची. छातीत कफ भरला होता, गावात औषध मिळेना म्हणून आई मला घेऊन मुंबईला आली. उधारी देणारे सगळे देऊन थकले होते. दिवाळी झाली आणि त्यानंतर एका सकाळी आप्पा गेटमधून आत गेले. पोलिसांच्या गाडीशेजारून, मान खाली घालून. ते एकटेच नव्हते, हळूहळू बरेच जण जात होते. पण चाळीत आमच्या मजल्यावरून ते पहिले. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला कुणीतरी बांगड्या बांधून ठेवल्या होत्या. आईने त्या सोडवल्या आणि डब्यात ठेवून दिल्या. शेजारचे, ज्यांच्याबरोबर ते रोज एका पाळीला जायचे, त्यांनी पुढे बोलणं टाकलं ते कायमचं. "तो संपात शेवटपर्यंत राहिला," आप्पा म्हणाले. "त्याचं सगळं गेलं. माझीपण गिरणी पुढं बंदच पडली, पण चार वर्षं पगार तर मिळाला. तुझी आई त्या पगारात वाढली."

मला हे चव्वेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आप्पा खोटं कधीच बोलले नव्हते, ते फक्त बोलले नव्हते. मधली जागा मी पुस्तकं, नाटकं आणि वर्तमानपत्रातले लेख वाचून भरून काढली होती. गिरणी कामगाराची मुलगी म्हणून कॉलेजात मी भाषणंसुद्धा केली आहेत.

लेकीने वहीत काहीच लिहिलं नाही. तिने विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं का, आजोबा?"

"तुझ्या आईकडं बघितलं की नाही वाटत," ते म्हणाले. "त्या शेजाऱ्याच्या पोराकडं बघितलं की वाटतं."

फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "मी ते नाही पाठवणार."

मी काय केलं असेल? मी वाद घातला. मला लाज वाटते, पण घातला. म्हटलं, "मग खरं लिहू. ते तर आणखी चांगलं होईल. आणखी खोल." तिने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, "आई, हे आजोबांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ते अ‍ॅडमिशनसाठी कशाला देऊ?"

मराठी शाळेचा निबंध गेला. तिने स्वतः त्यातली दोन वाक्यं काढली, एक घातलं. व्याकरणाची एक चूक तिच्या इंग्रजीच्या बाईंनी दाखवली ती सुधारली. पालकांचा कागद आम्ही पुन्हा लिहिला. अडचणीच्या जागी लिहिलं की ती नवीन जागी गप्प होते आणि तिला आमच्याकडून बोलण्याची मोकळीक कमी मिळाली, कारण घरात आम्हीच फार बोलतो. लिहायला दहा मिनिटं लागली, कबूल करायला दोन आठवडे.

निकाल विचारणार तुम्ही, म्हणून सांगते. एका बोर्डिंग शाळेने नाही म्हटलं. दुसरीने वेटलिस्टवर ठेवलं, पुढे काही झालं नाही. डे स्कूलने घेतलं, पण मदत धरूनही फी आम्हाला झेपणारी नव्हती. ती आता गावातल्या पब्लिक हायस्कूलला जाते. तीस मुलांच्या वर्गात बसते आणि अधूनमधून हात वर करते. आमच्या ओळखीतल्या एकांनी तोंडावर सांगितलं, "तो गिरणीचा एसे दिला असता तर झालं असतं काम." झालं असतंही. मला ते नाकारता येत नाही, आणि हा प्रश्न अजूनही कधी कधी रात्री येतो.

आता थोडं आपल्या सगळ्यांबद्दल.

ही निबंधाची भानगड आली कुठून ते मी नंतर वाचलं. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाचं "द चोझन" नावाचं पुस्तक आहे, २००५ चं. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रवेशाचा इतिहास त्यात आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे प्रवेश मुख्यतः परीक्षेवर व्हायचा. स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुलं त्या परीक्षेत पुढे यायला लागली. हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांना त्यांची संख्या कमी करायची होती. उघड कोट्याला विरोध झाला, तेव्हा १९२० च्या दशकात "चारित्र्य" आणि "व्यक्तिमत्त्व" बघायला सुरुवात झाली. शिफारसपत्र आलं, फोटो आला, मुलाखती आल्या, स्वतःबद्दलचा निबंध आला. म्हणजे ज्या स्थलांतरितांच्या मुलांना मार्कांवर अडवता येत नव्हतं, त्यांना "आमच्यात शोभेल का" या प्रश्नावर अडवण्याची ती सोय होती. आज आपण स्थलांतरित त्याच चाळणीतून पोरांना पार करायला तासाला दोनशे डॉलर मोजतोय.

अन्याय नको म्हणून दुसरी बाजूही सांगते. आज तोच निबंध एखाद्या गप्प, कमी मार्कांच्या, पण विचार करणाऱ्या मुलाला दार उघडून देऊ शकतो. अँडोव्हर आणि एक्सेटरसारख्या शाळा आता फी परवडते की नाही हे न बघता प्रवेश ठरवतात आणि मदतही मोठी देतात. निबंध वाचणारी माणसं प्रामाणिकपणे वाचत असतील, मी शंका घेत नाही. पण ज्या घरात कन्सल्टंट परवडतो त्या घरातलं मूल आणि ज्या घरात आई दोन ठिकाणी काम करते त्या घरातलं मूल, दोघांचं पान एकाच ढिगात जातं. आणि आता तर चॅटजीपीटी फुकट पान लिहून देतं. म्हणून काही शाळा वर्गात लिहिलेला, शिक्षकांनी तपासलेला निबंध मागतात. एसएसएटीमध्येही वेळ लावून एक लेख लिहून घेतात, त्याला मार्क नसतात पण तो शाळांकडे जातो. घरून आलेलं पान लोण्यासारखं आणि परीक्षेतलं अडखळत, हे वाचणाऱ्याला कळत नसेल असं समजू नका.

पुण्याची माझी मावसबहीण म्हणाली, "आमच्याकडे बरं, चिठ्ठी टाकतात." तिच्या मुलाला आरटीईच्या २५ टक्के जागांत सोडतीने प्रवेश मिळाला. २००९ च्या त्या कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला सरळ बंदी आहे. चिठ्ठीत नशीब असतं हे खरं, पण आजोबा कोण होते, संपात टिकले की नाही, हे तिला विचारता येत नाही. अर्थात तिकडेही आता परदेशी कॉलेजांसाठी "प्रोफाइल" बनवून देणारे आहेतच. हे आपल्या दारात केव्हाच आलंय.

ज्यांनी विचारलं त्यांना माझं म्हणणं हे.

पहिला मसुदा मुलालाच लिहू द्या, आणि तो वाचून तुमच्या पोटात गोळा आला तर आधी स्वतःला विचारा की गोळा मुलासाठी आलाय की चार लोकांत तुमचं कसं दिसेल यासाठी.

प्रश्न विचारा, वाक्यं देऊ नका. "मग काय झालं?", "तुला तेव्हा काय वाटलं?" एवढे दोन प्रश्न पुरतात. स्पेलिंग दाखवा, शब्द बदलू नका. तेरा वर्षांचं मूल तेरा वर्षांचं वाटायला हवं.

घरातल्या माणसाची गोष्ट वापरायची असेल तर त्या माणसाला विचारा. जिवंत असेल तर फोन करा. अर्जासाठी नाही, असाच करा.

पालकांच्या कागदावर एक तरी अडचण खरी लिहा.

आणि पैशाचं लाजू नका. एसएसएटीची फी माफ होऊ शकते, अर्जाची फीसुद्धा बऱ्याच शाळा माफ करतात, विचारावं लागतं. आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत प्रवेशअर्जाच्या आसपासच असते. "आधी घेतील तर खरं, मग बघू" म्हणून थांबलात तर पैसे संपलेले असतात. मदत साधारण दर वर्षी नव्याने मागावी लागते हेही धरून चाला.

ही पोस्ट लिहिण्याआधी मी आप्पांना विचारलं. म्हटलं, तुमचं नाव नाही घालणार, पण गोष्ट घालू का? लेकीला वाटत होतं मी विचारूच नये. आप्पा म्हणाले, "लिही. गिरणीचं नाव नको आणि शेजाऱ्याचं तर नकोच. त्याचा पोरगा वाचत असंल तर त्याला कळंल कुणी लिहिलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "कळू दे."

लेकीने मध्यंतरी तिचा मराठी शाळेचा निबंध स्वतः मराठीत करून आजोबांना पाठवला. हाताने लिहून, फोटो काढून. अर्धं पान, अकरा चुका. आप्पांनी चुका मोजल्या आणि फोन केला, "ळ मात्र बरा काढलाय हं." ती दिवसभर खूश होती. मोठ्या अर्जांच्या सगळ्या खटाटोपात तिला तिच्या लिहिण्याबद्दल मिळालेलं हे एकच उत्तर.

ताई, तुम्हाला कन्सल्टंटचा नंबर हवाच असेल तर मी देईन, बाई वाईट नाहीत. पण त्याआधी एक संध्याकाळ पोराला एकट्याला लिहू द्या, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.